दही लागेना! (विरजण, गाईची दगडी आणि आपलं पोट)

साईची_वाटी

मंडळी, आज पाचवा दिवस. आमच्या घरात दही लागत नाहीये.

आधी सगळी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे कोणी "दूध कोमट केलंत का" असं विचारणार नाही. आम्ही साताऱ्यात राहतो. गवळी रोज सकाळी साडेसहाला दोन लिटर गाईचं दूध घालतो. गेली अकरा वर्षं तोच माणूस, तीच किटली. दूध तापवून, साय काढून, करंगळी बुडवून दहा आकडे मोजता येतील इतकं कोमट झालं की मी विरजण लावते. विरजण सासूबाईंच्या काळापासून अखंड चालू आहे (मधे दोनदा शेजारून मागून आणलंय, पण ते त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही).

सोमवारी सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. आंबट वाससुद्धा नाही. वाटलं, विरजण कमी पडलं. मंगळवारी दुप्पट घातलं, तेच. बुधवारी शेजारच्या काकूंकडून नवं विरजण आणलं, तेच. काल हट्टाने पातेलं संध्याकाळपर्यंत ठेवलं, तर ते थोडं फाटल्यासारखं झालं आणि चव आंबट नाही, कडू. मे महिना आहे, ओट्यावर हात ठेवला तरी चटका बसतो, तेव्हा थंडीचं निमित्त नाही.

सासूबाईंचं म्हणणं, घराला नजर लागली. नवऱ्याचं म्हणणं, विकतचं आणू. मला कारण हवंय.

ताकपिठ्या

दूध बदला. विषय संपला.

मिशिगनची_मामी

अगं, इथे बाहेर उणे पंधरा असताना मी ओव्हनचा नुसता दिवा लावून आत पातेलं ठेवते, सकाळी सुरी फिरवावी असं दही. विरजण संपलं की हिरव्या मिरचीची देठं टाकते, दोनतीनदा पुढे चालवलं की झकास होतं. तुझ्याकडे तर आयता उन्हाळा. मग दुधातच काहीतरी आहे.

शंकेखोर

उन्हात दूध फाटू नये म्हणून सोडा नाहीतर पेरॉक्साइड. आपल्याकडे शुद्ध काय मिळतं आता?

साईची_वाटी

@शंकेखोर, अकरा वर्षं ओळखते मी त्याला. पाणी घालतो, ते मलाही माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यालाही. पण औषधं घालणारा माणूस नाही तो.

पेट्रीतली_वस्ती

ताई, नजर उतरवायच्या आधी एक प्रयोग करा. तीन सारख्या वाट्या घ्या. एकीत गवळ्याचं दूध, दुसरीत पिशवीचं, तिसरीत दोन्ही निम्मं निम्मं. तिन्ही दुधं वेगवेगळी, पण एकाच वेळी उकळून कोमट करा, एकाच विरजणातलं अर्धा अर्धा चमचा घाला आणि तिन्ही वाट्या एकाच डब्यात ठेवा. सकाळी वाट्या तिरक्या करून बघा.

पिशवीचं लागलं नाही तर विरजण मेलेलं. पिशवीचं लागलं आणि गवळ्याचं नाही, तर दोष दुधात. तिसरी वाटी सगळ्यात महत्त्वाची. पिशवीच्या दुधात गवळ्याचं मिसळल्यावर तेही अडलं, तर गवळ्याच्या दुधात काहीतरी कमी नाही, जंतूंना अडवणारं काहीतरी जास्त आहे.

दही लागणं म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो. विरजणातले जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं विणतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. वाटी तिरकी केली तरी हलत नाही ते त्या जाळ्यामुळे. कारखान्यातल्या योगर्टमध्ये दोघांची जोडी असते, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसरा प्रथिनं फोडून पहिल्याला अमिनो आम्लं पुरवतो, पहिला दुसऱ्याला फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड देतो. नवराबायकोने मिळून चालवलेलं हॉटेल म्हणा. घरच्या विरजणात मात्र अठरापगड जाती नांदत असतात.

साईची_वाटी

निकाल. सकाळी सहाला उठून आधी डबा उघडला, चहासुद्धा नंतर.

पिशवीचं: घट्ट. वाटी आडवी केली तरी हललं नाही.
गवळ्याचं: दूध. निव्वळ दूध.
निम्मं निम्मं: खाली चमचाभर गोळा, वर पांढरं पाणी. ना धड दही ना धड दूध.

आमच्या नवरोबांनी तिसरी वाटी बघितली आणि पहिल्यांदाच "अरे" म्हणाले.

जनावरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, सोळा वर्षं गावोगाव फिरतोय. निम्म्या वाटीचा निकाल वाचला आणि मोबाइल खाली ठेवून हसलो. ताई, गवळ्याला फक्त एवढंच विचारा, "गाईला दगडी झाली होती का?"

शहरातल्या मंडळींसाठी: दगडी म्हणजे स्तनदाह, कासेचा जंतुसंसर्ग. एखादा सड सुजतो, कास दगडासारखी लागते, गाय हात लावू देत नाही, धारेत गाठी येतात. त्यावर सडाच्या भोकातून प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, ट्यूब आत सोडतात, बहुतेक वेळा पेनिसिलिनच्या कुळातली नाहीतर त्याच्या चुलत घराण्यातली. जोडीला इंजेक्शन. औषध कासेत राहतं आणि काही दिवस दुधातून बाहेर पडतं. म्हणून खोक्यावर लिहिलेलं असतं की शेवटच्या ट्यूबनंतर इतके तास दूध वापरू नका. आम्ही त्याला विड्रॉवल पिरियड म्हणतो. औषधागणिक तो वेगळा असतो, तीन दिवस हा नेहमीचा आकडा.

आणि एका सडात ट्यूब सोडली म्हणून उरलेल्या तीन सडांचं दूध चालतं, हा गैरसमज. औषध रक्तातून फिरून तिकडेही उतरतं. चारही सडांचं दूध बाजूला.

पेट्रीतली_वस्ती

डॉक्टरांनी माझ्या तोंडातलं काढून घेतलं. आता कडू चवीचा उलगडा करतो, कारण ती खूण भारी आहे.

स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस पेनिसिलिनला कमालीचा हळवा आहे. पण दुधात तो एकटा नसतो. बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि त्याच्याकडे पेनिसिलिन फोडणारं विकर (एन्झाइम) असतं. एरवी दह्याचे जंतू दोनचार तासांत आम्ल करून त्याच्यासारख्यांना जागाच देत नाहीत. इथे राखणदार आडवा झाला आणि चोराला घर मोकळं मिळालं. असले जंतू प्रथिनं चिरतात, त्या तुकड्यांची चव कडू. तुमच्या पातेल्यात नेमका तोच होता की त्याचा भाऊबंद, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण "आंबट नाही, कडू" हे या गोष्टीला चपखल बसतं. ते पातेलं कोणी चाखत बसू नका मात्र.

गंमत म्हणजे दुधात प्रतिजैविक आहे का हे बघायला प्रयोगशाळेतही जंतूच वापरतात. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, याला ६४ अंशांचं ऊन आवडतं. छोट्या नळीत तो, त्याचं खाणं आणि जांभळा रंग. वरून थेंबभर दूध घालून दोनतीन तास गरम ठेवायचं. जंतू वाढला तर आम्ल होऊन रंग पिवळा. जांभळाच राहिला तर दुधात अडवणारं काहीतरी आहे. ताईंनी ओट्यावर जे केलं ते याचंच घरगुती रूप.

अवांतर: पेनिसिलिनचा विषय निघाला की मला पिंपरी आठवते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना तिथे १९५४ साली उभा राहिला. पुढे त्यांच्याच थिरुमलाचार यांच्या गटाने बुरशीवरचं हॅमायसीन काढलं, ते ज्या जंतूपासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. जगाच्या जंतुशास्त्रात पिंपरीचं नाव कोरलेलं आहे आणि आम्ही पुणेकर पिंपरीला पुण्यात धरावं की नाही यावर भांडतोय.

चिंचवडचा_चिंटू

पिंपरीला पुण्यात धरू नकाच. आम्हाला आमचा जंतू पुरे.

शंकेखोर

सोडा नाही, मान्य. माझे शब्द मागे. पण आपण दूध उकळतोच की, औषध जळून जात नाही का?

जनावरांचा_डॉक्टर

नाही. घरच्या उकळीने जंतू मरतात, औषध फारसं मोडत नाही. म्हणून तर ताईंचं उकळलेलं दूधही लागलं नाही.

आणि उलटंही लक्षात ठेवा. दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ, असा दाखला कोणी घेऊ नये. पेनिसिलिन घराण्याला दही पटकन अडतं. इतर काही औषधांना दह्याचे जंतू तितकी दाद देत नाहीत. शिवाय मोठ्या डेअरीत शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र होतं, एका गाईचं औषध त्यात पातळ होऊन जातं. कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, दुधात बेन्झिलपेनिसिलिनची कमाल मर्यादा ठेवलीय किलोला ४ मायक्रोग्रॅम. एका ट्यूबमध्ये औषध असतं मिलिग्रॅमच्या हिशेबात, तेव्हा एक गाय केवढं दूध नासवू शकते याचा अंदाज बांधा.

साईची_वाटी

आज गवळ्याला फाटकातच गाठलं. संवाद जसाच्या तसा:

मी: गाईला दगडी झाली होती का?
तो: (किटली खाली ठेवून) तुमास्नी कुनी सांगितलं?
मी: दह्यानं.
तो: (बराच वेळ गप्प) एका सडाला झालीया, वैनी. तीन दिस ट्यूब सोडल्या, उतार पडंना, म्हनून परत तीन. उद्या शेवटची.
मी: मग ते दूध आम्हाला का घातलंत?
तो: त्या सडाचं न्हाई घातलं! त्ये कुत्र्याला. बाकी तीन सडांचं घातलं. आन् वैनी, इंजेक्शन गाईला दिलंय, दुधाला न्हाई.

यावर मला काही बोलताच आलं नाही. त्याच्याकडे दोन गाई, एक म्हैस. आमच्या वाटचं दूध या आजारी एचएफ (होल्स्टीन) गाईचंच असतं, त्यामुळे मिसळून पातळ व्हायचाही प्रश्न नव्हता. घरात ते पाच दिवस सगळ्यांनी चहातून, भातातून प्यायलंय. काळजी करू का?

गोठ्यातून

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही. माझ्या चौदा गाई आहेत.

"दूध ओतून द्या" म्हणायला काय जातं? हिशेब करा. गाय दिवसाला सोळा लिटर देते. तीन दिवस उपचार, तीन दिवस थांबायचं, झाले शहाण्णव लिटर. तेहतीस रुपयांनी तीन हजार एकशे अडुसष्ट. वर डॉक्टरची फी, ट्यूबा, पेट्रोल. या गवळ्याचे तर दोन कोर्स झालेत. दोन गाईंचा माणूस, महिन्याची कमाईच त्यात जाते. ट्यूब लिहून देताना दूध किती दिवस ठेवायचं हे त्याला कुणी सांगितलं का? खोक्यावरचा मजकूर इंग्रजीत, मुंगीएवढा. मला स्वतःला हे बारा वर्षांनी कळलं, तेही डेअरीने टँकर परत पाठवला तेव्हा. आमच्या गावच्या संकलनावरचा तो टँकर, एकाची चूक आणि बिल सगळ्यांचं कापलं.

चूक आहे, नाही म्हणत नाही. पण तो लबाड नाही. "तीन सडांचं घातलं" म्हणाला ना, म्हणजे आपल्या समजुतीने त्याने पथ्य पाळलंच की.

जनावरांचा_डॉक्टर

@गोठ्यातून, तुमचा टोमणा आम्हा डॉक्टरांना होता आणि तो बरोबर आहे. मी आता दूध किती दिवस ठेवायचं ते गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारखेसकट लिहून येतो. कागद हरवतो, भिंत हरवत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. दगडी लवकर पकडली तर ट्यूबची वेळच कमी येते. धार काढायच्या आधी पहिल्या चारदोन पिळ्या काळ्या कपड्यावर घ्यायच्या, गाठी लगेच दिसतात. वाटीत दूध आणि तेवढंच कपड्याच्या पावडरीचं पाणी हलवून बघायचं. शेंबडासारखं घट्ट झालं तर कासेत पांढऱ्या पेशींची गर्दी झालीय असं समजा, त्या फुटून आतला डीएनए चिकट होतो. धार काढून झाल्यावर सड औषधात बुडवायचे आणि गाईला अर्धा तास बसू द्यायचं नाही, पुढ्यात वैरण टाकायची, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून कासेला लावायचा लेपही शिकवतं. सुरुवातीच्या सुजेला लावून बघायला हरकत नाही, पण गाईला ताप असेल, चारा सोडला असेल तर लेपावर दिवस काढू नका.

पेट्रीतली_वस्ती

ताई, पाच दिवसांच्या चहाने घाबरू नका. घरात कुणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्यांना तेवढ्यानेही पुरळ उठू शकतं.

माझी काळजी वेगळी आहे. औषधाचा थोडका, न मारणारा डोस रोज मिळत राहिला की जंतूंच्या गर्दीतले चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, हा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचं उदाहरण घ्या. माणसांसाठी हा अगदी शेवटचा उपाय, आणि कोंबड्यांना मात्र वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जायचं. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत असं जनुक सापडलं जे कोलिस्टिन निकामी करतं, वर एका जंतूकडून दुसऱ्याकडे उसनं जातं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन बंद झालं.

म्हणून ते दूध कुत्र्याला किंवा वासराला घालू नये. वासराच्या पोटात असं दूध गेलं की त्याच्या शेणात औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात, हे दिसून आलंय.

गोठ्यातून

वासराला नाही, कुत्र्याला नाही, डेअरीला नाही. मग शहाण्णव लिटरचं करू काय?

जनावरांचा_डॉक्टर

गोठ्यापासून लांब, विहिरीपासून लांब खड्डा. मलाही हे सांगताना जड जातं.

नवी_आई

विषय थोडा बदलते, चालेल ना? माझ्या दोन वर्षांच्या मुलीला कानाच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक दिलंय, पोट बिघडलंय. मैत्रीण म्हणते प्रोबायोटिकच्या पुड्या दे, मेडिकलवाल्याकडे पाच प्रकारच्या आहेत. कुठली देऊ?

पेट्रीतली_वस्ती

कुठली ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी डॉक्टर नाही. पण "प्रोबायोटिक" (पोटाच्या भल्यासाठी घ्यायचे जिवंत जंतू) हा शब्द "फळ" या शब्दासारखा आहे एवढं ध्यानात घ्या. फळ खा म्हटलं तर आंबा की आवळा, कुणी आणि कशासाठी, हे यायला हवं.

दोन टोकांची उदाहरणं देतो. ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली, २०१७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आली. निम्म्यांना पहिल्या आठवड्यात लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक निवडक वाण आणि सोबत त्या जंतूचं खाणं म्हणून विशिष्ट साखर दिली, निम्म्यांना नुसती भुकटी. जंतुदोष किंवा मृत्यू हे भुकटीवाल्यांत ९ टक्के, जंतूवाल्यांत ५.४ टक्के. सात दिवसांचा स्वस्त उपचार! मी तो लेख तीनदा वाचला होता. पण ही बाळं पुऱ्या किंवा जवळपास पुऱ्या दिवसांची, किमान दोन किलो वजनाची, आईच्या दुधावरची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली उलट इशारा दिला, कारण दुबळ्या बाळाच्या रक्तात तोच "चांगला" जंतू शिरून जिवावर बेतू शकतं.

दुसरं टोक इस्रायलच्या वाइझमन संस्थेचं, २०१८. धडधाकट मोठ्या माणसांना अँटिबायोटिक देऊन काहींना नंतर अकरा वाणांचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही, काहींना आधी साठवलेले त्यांचेच मूळ जंतू परत दिले. सगळ्यात हळू पूर्वपदावर आलं ते प्रोबायोटिकवाल्यांचं पोट. बाहेरचे पाहुणे बसले आणि घरच्यांना ताटच मिळेना. माणसं मोजकी, एकवीस, तेव्हा यावरून कोणी ठरलेलं औषध बंद करू नये. पण "काही नाही तरी नुकसान नाही" हे पालुपद मी तेव्हापासून सोडलं.

ताकपिठ्या

म्हणजे मी रोज दोन तांबे ताक पितो ते वाया?

पेट्रीतली_वस्ती

वाया का? चव आहे, प्रथिनं आहेत. दुधाने ज्यांचं पोट वाजतं त्यांना ताक सोसतं. मात्र ताकातले जंतू तुमच्या आतड्यात बिऱ्हाड थाटतात असं समजू नका, बहुतेक जण वाटसरू.

मेचनिकोव्ह नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला, १९०८ चं नोबेल, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. त्याची ठाम समजूत, बल्गेरियाचे शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबट दुधामुळे. स्वतःही रोज प्यायचा. नंतर कळलं की तो बल्गेरियन जंतू माणसाच्या पोटात टिकतच नाही. पण म्हातारा अगदीच चुकला नव्हता म्हणायचं. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ माणसं होती, दहा आठवडे एका गटाला आंबवलेले पदार्थ भरपूर, दुसऱ्याला तंतुमय पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातली जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं खाली आली. कसं, याचं उत्तर अजून कच्चं आहे.

आणि ते "शरीरात पेशींच्या दहापट जंतू" फॉरवर्ड करणं आता थांबवा. २०१६ साली नीट मोजदाद झाली, साधारण ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जंतू. म्हणजे जवळपास फिफ्टी फिफ्टी.

जनावरांचा_डॉक्टर

वाइझमनवाल्यांनी "स्वतःचेच जंतू परत दिले" हे वाचून सांगावंसं वाटलं. आमच्या व्यवसायात हे जुनंच आहे. गाईच्या कोटीपोटात शंभरच्या वर लिटर माल आंबत असतो, चारा गाय पचवत नाही, जंतू पचवतात. कधी दावं तोडून धान्याच्या पोत्यात तोंड घातलं की आम्ल वाढून ती वस्तीच मरते, रवंथ बंद. अशा वेळी निरोगी गाईच्या कोटीपोटातला रस काढून आजारी गाईला नळीने पाजतात. माझ्या एका जुन्या सरांनी खाटिकखान्यातून बादलीभर आणून पाजला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाय रवंथ करायला लागली. बादलीचा वास मात्र माझ्या मोटारसायकलला महिनाभर होता.

माणसांत हेच २०१३ साली ॲमस्टरडॅमच्या चाचणीत गाजलं. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू मोकाट सुटतो, जुलाब थांबत नाहीत. निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून नाकातून घातलेल्या नळीने आतड्यात सोडली. सोळापैकी पंधरा बरे झाले, त्यातल्या दोघांना दुसऱ्यांदा द्यावी लागली. नुसत्या औषधावर तेरापैकी चार. फरक इतका ढळढळीत की चाचणी आधीच थांबवली. आता अमेरिकेत याच्या मान्यताप्राप्त कॅप्सूलही निघाल्यात.

शंकेखोर

जेवता जेवता धागा वाचत होतो. कढी होती.

मिशिगनची_मामी

😂😂 मी तर कॅप्सूल वाचून व्हिटॅमिनची बाटली परत कपाटात ठेवली.

साईची_वाटी

एक भाबडी शंका. माझं जुनं विरजण या सगळ्यात मेलं का? आणि विरजणालाही काही रोग होतो का हो?

पेट्रीतली_वस्ती

भाबडी नाही, या प्रश्नावर नोबेलपर्यंत जाता येतं.

होतो. जंतू खाणारे विषाणू असतात, फाज म्हणतात त्यांना. चीजच्या कारखान्यात फाज शिरला की हजारो लिटर दूध टाकीत तसंच पडून राहतं, अगदी तुमच्या पातेल्यासारखं. म्हणून डॅनिस्को कंपनीतले बारांगू आणि होर्वाथ हे शोधत होते की काही वाण फाजमधूनही वाचतात ते कसे. जंतू तोच, आपला स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. दिसलं असं की वाचलेल्या जंतूंनी हल्लेखोर विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून स्वतःच्या डीएनएत जपून ठेवला होता, पोलीस ठाण्यात गुन्हेगाराचा फोटो लावतात तसा. पुढच्या वेळी तोच विषाणू आला की ओळखून चिरायचा. २००७ साली हे सायन्स या नियतकालिकात आलं. ही व्यवस्था म्हणजे क्रिस्पर. ती जनुकं कापायची कात्री म्हणून वापरता येते हे दाखवल्याबद्दल शार्पेंतिये आणि डाउडना यांना २०२० चं रसायनाचं नोबेल मिळालं. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर आज क्रिस्परचा उपचार आहे, त्या कात्रीची ओळख पटली ती दह्याच्या जंतूत.

घरचं विरजण मात्र सहसा फाजने पूर्ण आडवं होत नाही. अठरापगड जाती म्हटलं ना, एक पडली तर दुसरी सांभाळते. औषधाच्या दुधात घातलेलं विरजण सोडून द्या. फ्रीजमध्ये आधीचं शिल्लक असेल तर ते पिशवीच्या दुधात घालून दोनदा पुढे चालवा.

ताकपिठ्या

वाखु (वाचनखूण) साठवली. दोन तांब्यांचं एक करणार नाही.

साईची_वाटी

नऊ दिवसांनी शेवटचं अपडेट.

सासूबाईंचं विरजण जगलं. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटी वाटी निघाली, तिसऱ्या दिवशी कवडी पडली.

गवळ्याशी बोलणं झालं. ट्यूब चालू होती त्या शेवटच्या दिवसाचे आणि नंतरच्या तीन दिवसांचे पैसे मी दुधाशिवाय दिले. नवऱ्याचं मत "धंदा त्याचा, तोटा आपण का सोसायचा", ते मी ऐकलं आणि दिले. पुढचं ठरलंय की गाईला औषध चालू झालं की तो सांगणार, तेवढे दिवस आम्ही पिशवीचं आणणार. डॉक्टरसाहेब, तुमची खडूची युक्ती त्याला सांगितली. त्याने किटलीच्या कडीला लाल चिंधी बांधायचं ठरवलंय. भिंत शेणाने सारवतात, खडू राहत नाही म्हणाला.

थांबायचे दिवस चालू होते तेव्हा तो रोज बाटलीत पेलाभर दूध वेगळं आणायचा आणि मी रात्री त्याची एक वाटी लावायची, फक्त बघायला. पहिल्या दिवशी दूध. दुसऱ्या दिवशी पातळ रबरबीत. रोज सकाळी फाटकातून हाक, "वैनी, लागलं का?" डॉक्टर म्हणाले म्हणून वाटीवर विसंबले नाही, खोक्यावरचे तीन दिवस भरले आणि वर एक दिवस काढला, मग त्या दुधाचं खायचं म्हणून दही लावलं.

आज सकाळी वाटी घेऊन फाटकात गेले. त्याने वाटी हातात घेतली, आडवी केली, पार उलटी धरली. हललं नाही. मग बोटाने काढून खाल्लं, जरा विचार केला आणि म्हणाला, "आंबट हाय. इरजन कमी घाला, वैनी."